खेळपात्राची लिंगनिवड

खेळपात्राची लिंगनिवड म्हणजे व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या आज्ञेनुसार वावरणारे पात्र पुरुष असावे की स्त्री, हे ठरवण्याची खेळाडूला दिलेली मुभा होय. बहुतेक वेळा हा प्रश्न खेळाच्या आरंभी, पात्राचे नाव, चेहरा आणि पोशाख ठरवताना विचारला जातो. काही खेळांत या निवडीने केवळ पडद्यावरील आकृती बदलते. काहींत संवाद, आवाज, कथेतील नाती आणि पात्राची क्षमताही बदलते. अनेक खेळांत अशी निवडच नसते. तेथे निर्मात्याने ठरवलेले पात्र, जे दीर्घकाळ बहुधा पुरुषच असे, स्वीकारूनच खेळावे लागते.

निवड उपलब्ध असली तरी ती नेहमी सारख्या अटींवर मिळतेच असे नाही. आधीपासून निवडून ठेवलेले पात्र कोणते, दुसरे पात्र फुकट की विकत, जाहिरातीत कोणाचे चित्र आणि संवाद कोणत्या भाषेत, या गोष्टी खेळाडूच्या निर्णयाआधीच ठरलेल्या असतात. या विषयावरील बहुतेक वाद त्यांच्याभोवतीच झाले आहेत.

इतिहास

सुरुवातीच्या आर्केड खेळांत पात्राला लिंग असण्याइतके तपशीलच नव्हते. निवडीची कल्पना प्रथम रुजली ती संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत, कारण त्यांचा उगम कागद-पेन्सिलीने खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये होता आणि तेथे पात्राची नोंद भरताना लिंगाचा रकाना असेच. १९८३ सालच्या 'अल्टिमा ३ : एक्झोडस'मध्ये पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला 'इतर' असा तिसरा पर्यायही होता. पुढील तीन दशकांत फार थोड्या खेळांनी तो दिला, हे पाहता ही नोंद लक्षणीय ठरते.

आर्केडमध्ये 'गाँटलेट' (१९८५) या खेळात चार पात्रांपैकी एक वाल्किरी ही स्त्री योद्धा होती. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) मध्ये निवडता येणाऱ्या आठ लढवय्यांत चुन-ली ही एकटीच स्त्री होती. 'मेट्रॉइड' (१९८६) मध्ये निवड नव्हती. चिलखतातील सामुस ही स्त्री आहे हे खेळाच्या अखेरीस कळे. 'टूम रेडर' (१९९६) मधील लारा क्रॉफ्टमुळे स्त्री नायिका असलेला खेळ जगभर खपू शकतो हे सिद्ध झाले, पण तेथेही निवडीचा प्रश्न नव्हता.

लहान मुलांच्या बाबतीत महत्त्वाचा टप्पा 'पोकेमॉन क्रिस्टल' हा होय. जपानमध्ये २००० साली आलेल्या या खेळात आरंभीच 'तू मुलगा आहेस की मुलगी?' असे विचारले जाई. त्याआधीच्या मुख्य पोकेमॉन खेळांत खेळाडू मुलगाच असे. २०२२ च्या 'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये हा प्रश्न गळाला आणि खेळाडूला थेट चेहरा निवडण्यास सांगण्यात आले. 'द सिम्स ४'ने २०१६ मध्ये कपडे, केशरचना आणि आवाज यांवरील लिंगानुसार असलेली बंधने काढली. 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' (२०२०) मध्ये लिंगाऐवजी 'शैली' निवडावी लागते, तर 'एल्डन रिंग' (२०२२) मध्ये शरीराचे 'अ' आणि 'ब' असे दोन प्रकार दिलेले आहेत. 'सायबरपंक २०७७' (२०२०) मध्ये इतर पात्रे खेळाडूला पुरुष म्हणून संबोधतील की स्त्री म्हणून, हे शरीरावरून नव्हे तर निवडलेल्या आवाजावरून ठरते.

याच्या नेमके उलट टोक 'रस्ट' या खेळाने गाठले. २०१६ पासून त्यात प्रत्येक खेळाडूला त्याच्या खात्यानुसार पुरुष किंवा स्त्री देह आपोआप मिळतो आणि तो बदलता येत नाही. प्रत्यक्ष जन्मातही निवड नसते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. अनेक खेळाडूंनी, विशेषतः अनपेक्षितपणे स्त्री देह मिळालेल्या पुरुषांनी, त्यावर तक्रारी केल्या.

निवडीचा खेळावर होणारा परिणाम

जुन्या भूमिकाप्रधान खेळांत लिंगानुसार बळ कमी-अधिक असे. 'पूल ऑफ रेडियन्स' (१९८८) मध्ये स्त्री योद्ध्याच्या कमाल शक्तीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती; हा नियम कागदी खेळातून जसाच्या तसा आला होता. 'मॉरोविंड' (२००२) आणि 'ऑब्लिव्हियन' (२००६) यांत स्त्री-पुरुषांचे आरंभीचे गुण वेगळे असत. त्याच मालिकेतील 'स्कायरिम' (२०११) मध्ये हा भेद काढून टाकण्यात आला. आजच्या बहुसंख्य खेळांत क्षमता समान असते.

भारतात लोकप्रिय झालेल्या दोन मोबाइल खेळांत मात्र निवडीचा अर्थ वेगवेगळा आहे. 'पबजी मोबाइल'मध्ये आणि त्यावर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातल्यानंतर २०२१ मध्ये आलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'मध्ये खाते उघडताना लिंग, चेहरा आणि केस निवडावे लागतात. क्षमता दोन्हींची सारखीच. 'फ्री फायर'मध्ये प्रत्येक पात्राला नाव, पूर्वेतिहास आणि स्वतःचे कौशल्य आहे. केली ही धावपटू मुलगी अधिक वेगाने पळते. अलोक हा संगीतकार भोवतालच्या साथीदारांची प्रकृती सुधारतो. त्यामुळे 'फ्री फायर' खेळणारा मुलगा केलीची निवड करतो तेव्हा तो मुलगी निवडत नसून वेग निवडत असतो. स्त्री पात्र घेतल्याबद्दल त्याला कोणी सहसा कारण विचारत नाही, कारण कारण उघड असते. निवडीला डावपेचाचा आधार मिळाला की तिच्याभोवतीचा संकोच कमी होतो, हे या दोन खेळांच्या तुलनेतून दिसते.

मोबाइल खेळ आणि पात्राची किंमत

मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरी पट्ट्यात, उदाहरणार्थ पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील तुळिंजसारख्या नालासोपारा पूर्वेच्या दाट वस्तीत, संगणक किंवा कन्सोलपेक्षा स्मार्टफोन हेच खेळण्याचे सर्वांत सुलभ साधन आहे. त्याआधी, २००० नंतरच्या दशकात, शहरांतील सायबर कॅफे हे मुलांचे खेळण्याचे ठिकाण होते. तेथे चालणाऱ्या 'जीटीए : व्हाइस सिटी' (२००२) आणि 'काउंटर-स्ट्राइक' या खेळांत पात्र पुरुषच असे. 'काउंटर-स्ट्राइक'च्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या आवृत्तीत स्त्री पात्रे आली ती २०१९ च्या नोव्हेंबरात.

स्मार्टफोनमुळे मुलीही खेळू लागल्या, निदान खेळणे घरात आले. परंतु फोन घरात असणे आणि तो मुलीच्या हातात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाइल फोन होता. घरातल्या एकाच फोनवर भावंडे आळीपाळीने खेळतात तेव्हा खाते एकाचे असते आणि पात्रही त्यानेच निवडलेले असते.

फोनवरील अंतहीन धावण्याच्या खेळांत लिंगनिवडीचा प्रश्न पैशाच्या रूपात पुढे आला. 'टेम्पल रन' (२०११) सुरू करताच मिळणारे पात्र गाय डेंजरस हा पुरुष होता. स्कार्लेट फॉक्स ही स्त्री हवी असेल तर खेळातील १०,००० नाणी जमवावी लागत. 'सबवे सर्फर्स'मध्ये जेक हा मुलगा आरंभीच मिळे, तर ट्रिकी ही मुलगी मिळवण्यासाठी टोप्या गोळा कराव्या लागत. रेल्वेच्या रुळांवरून पोलिसाला चुकवत पळण्याच्या या खेळाची मुंबई आवृत्तीही निघाली आणि तिचे खास पात्र जय हा मुलगाच होता. ज्या पट्ट्यात रूळ ओलांडताना माणसे प्रत्यक्षात दगावतात तेथे हा खेळ इतका आवडीचा असावा, हा वेगळाच विषय आहे.

२०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील एका १२ वर्षांच्या मुलीने 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्रात या प्रकाराचा हिशेब मांडला. तिने अशा ५० लोकप्रिय खेळांची पाहणी केली. पात्राचे लिंग ओळखू येणाऱ्या खेळांपैकी ९८ टक्के खेळांत मुलाचे पात्र होते, तर मुलीचे ४६ टक्क्यांत. मुलाचे पात्र फुकट देणारे खेळ ९० टक्के होते; मुलीचे पात्र फुकट देणारे १५ टक्के. लेखाला मोठा प्रतिसाद मिळाला आणि 'टेम्पल रन'च्या निर्मात्यांसह काही कंपन्यांनी स्त्री पात्र विनामूल्य देण्याची तयारी दाखवली.

नाण्यांची ही किंमत प्रौढ खेळाडूला किरकोळ वाटेल. पण सामायिक फोनवर अर्धा तास खेळायला मिळणाऱ्या मुलीच्या दृष्टीने १०,००० नाणी म्हणजे कित्येक दिवस दुसऱ्याच्या रूपात पळणे होय. आपल्यासारखे दिसण्यासाठी मोजावे लागणारे हे मोल मुलाला मोजावे लागत नाही, आणि निवड 'उपलब्ध आहे' या विधानात हा फरक दिसत नाही.

निर्मितीखर्चाचा वाद

स्त्री पात्र न देण्याचे सर्वाधिक वेळा सांगितले गेलेले कारण खर्चाचे आहे. दुसरे शरीर म्हणजे दुसरा सांगाडा, वेगळे कपडे, वेगळ्या हालचाली आणि पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले संवाद. जून २०१४ मध्ये यूबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड : युनिटी'चे सर्जनशील दिग्दर्शक अलेक्स अमान्सिओ यांनी चौघांनी मिळून खेळायच्या भागात स्त्री पात्र नसण्याचे कारण म्हणून दुप्पट कामाचा दाखला दिला. त्यावर या मालिकेवर पूर्वी काम केलेले ॲनिमेशनकार जोनाथन कूपर यांनी हे काम एकदोन दिवसांचे असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच मालिकेतील अव्हेलिन या नायिकेच्या हालचाली पुरुष नायक कॉनरच्या हालचालींवरूनच बऱ्याच अंशी घेतल्या होत्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले. खर्च खरा असतो, पण तो कशावर करायचा हा क्रम ठरवण्याचा प्रश्न असतो, असा या वादाचा निष्कर्ष टीकाकारांनी काढला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'सिंडिकेट'मध्ये जेकब आणि ईव्ही हे भाऊ-बहीण दोघेही खेळता आले. 'ओडिसी' (२०१८) मध्ये अलेक्सिओस आणि कसांड्रा यांपैकी एकाची निवड पूर्ण कथेसाठी करता आली.

खेळाडू काय निवडतात

'मास इफेक्ट' मालिकेचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तिचा नायक कमांडर शेपर्ड पुरुष किंवा स्त्री असू शकतो. पुरुषाला मार्क मीर यांनी, तर स्त्रीला जेनिफर हेल यांनी आवाज दिला आहे. हेल यांच्या कामाची मोठी प्रशंसा झाली. तरीही बायोवेअर कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार तिसऱ्या भागात स्त्री शेपर्ड घेऊन खेळणारे १८ टक्केच होते. २०२१ च्या एकत्रित आवृत्तीत हे प्रमाण ३२ टक्क्यांवर गेले. ही वाढ एकाच कारणाला जोडता येत नाही, मात्र पहिल्या दोन भागांच्या वेष्टनावर आणि जाहिरातींत फक्त पुरुष शेपर्ड दिसत असे, आणि स्त्री शेपर्डला ठरीव चेहरा मिळाला तो तिसऱ्या भागाच्या वेळी, हे ध्यानात घ्यावे लागते.

स्वतःपेक्षा वेगळ्या लिंगाचे पात्र घेणे पुरुषांत अधिक आढळते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्या ३७५ जणांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के पुरुषांनी आणि ७ टक्के स्त्रियांनी असे पात्र घेतले होते. त्यातील पुरुषांच्या बोलण्यात भावनिक शब्द आणि उद्गारचिन्हे इतर पुरुषांपेक्षा अधिक आढळली, पण गटापासून दूर राहणे, मागे सरकत चालणे, वारंवार उड्या मारणे या हालचालींतून ते ओळखू येत. पाठीमागून दिसणारे शरीर तासन् तास पाहायचे तर स्त्रीचे बरे, हे पुरुषांकडून दिले जाणारे नेहमीचे कारण आहे. इतर खेळाडूंकडून मदत लवकर मिळते, हेही सांगितले जाते. स्त्रियांची कारणे अनेकदा उलट असतात: पुरुष पात्र आणि पुरुषी टोपणनाव घेतले की नको असलेले लक्ष टळते. बोलून खेळायच्या खेळांत मात्र हे आवरण टिकत नाही, कारण ध्वनिक्षेपक सुरू होताच आवाजावरून ओळख पटते. अनेक मुली त्यामुळे साथीदारांशी न बोलता खेळतात आणि संघखेळात त्याचा तोटा सोसतात.

स्वतःच्या लिंगओळखीचा शोध घेणाऱ्या व्यक्तींसाठी ही निवड कधी कधी पहिली सुरक्षित चाचपणी ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी ओळखीला कायदेशीर मान्यता दिल्यानंतर भारतात सरकारी अर्जांवर तिसरा रकाना आला. खेळांच्या पहिल्या पडद्यावर तो अजून विरळाच आहे.

पुरुषाने स्त्रीचे रूप घेणे मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषच करत, आणि बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांनी तर कुलीन स्त्रियांच्या वेशभूषेवर प्रभाव टाकला. तेथे स्त्रीला रंगमंच बंद होता म्हणून पुरुष स्त्री होई. खेळात पुरुष आपल्या हौसेने स्त्री होतो. साम्य रूपापुरतेच आहे.

मराठी भाषा आणि पात्राचे लिंग

इंग्रजीत खेळाडूला उद्देशून केलेले वाक्य पात्र पुरुष असो वा स्त्री, बदलत नाही. मराठीत क्रियापदच लिंग सांगते. 'मी आलो' आणि 'मी आले', 'तू हरलास' आणि 'तू हरलीस', 'अरे' आणि 'अगं' यांतून सुटका नाही. लिंगनिवड असलेला खेळ मराठीत आणायचा तर अशा प्रत्येक वाक्याच्या दोन प्रती लिहाव्या लागतात, आणि आवाज असेल तर दोन्ही ध्वनिमुद्रित कराव्या लागतात. मोठ्या व्यावसायिक खेळांत मराठीचा पर्याय क्वचितच असण्यामागे बाजारपेठेचे कारण मुख्य आहे, तरी भाषांतर करणाऱ्यापुढे ही अडचण उभी राहतेच.

मराठीच्या व्याकरणात तिच्यावर काही उपायही आहेत. भविष्यकाळात लिंगभेद नाही: 'मी जाईन', 'तू जिंकशील'. आदरार्थी 'तुम्ही' घेतल्यास 'तुम्ही हरलात', 'तुम्ही पोहोचलात' ही रूपे दोघांनाही चालतात. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. त्यामुळे 'तू किल्ला घेतलास' किंवा 'तिघांना बाद केलेस' यांत कर्त्याचे लिंग दिसत नाही. याची किंमत मात्र सूरात मोजावी लागते. घनघोर लढाईत साथीदाराने 'तुम्ही पुढे व्हा' म्हणणे कचेरीतल्यासारखे वाटते, आणि 'थकलेला', 'एकटी' यांसारखी विशेषणे आली की आडपडदा गळून पडतो. शिवाय बोली वेगळ्या आहेत. कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी येतो' म्हणतात. तेथील नायिकेला प्रमाणभाषेतील 'मी येते' दिले तर ती परकी वाटेल.

खेळ इंग्रजीत असला तरी त्याच्याभोवतीचे बोलणे मराठीत चालते, आणि तेथे भाषा खेळाडूला एक भूमिका घ्यायला लावते. स्त्री पात्र घेऊन खेळणारा मुलगा हरल्यावर 'मी मेलो' म्हणू शकतो किंवा 'ती मेली'. पहिल्या वाक्यात पात्र म्हणजे तो स्वतः असतो, दुसऱ्यात ते त्याच्या हातातले बाहुले असते. 'मी मेले' असे तो सहसा म्हणणार नाही. इंग्रजीत बोलणाऱ्या खेळाडूला स्वतःबद्दल बोलताना अशी फोड करण्याची वेळ येत नाही.

महाराष्ट्रातील निर्मिती

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्यात निवड नाही. खेळाडूला राजी हीच मुलगी मिळते. सर्कशीत कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या प्रवासाचे निवेदन करतात. राजकन्येच्या सुटकेसाठी निघालेल्या नायकाच्या जुन्या साच्याची ही उलटापालट आहे, आणि ती रक्षाबंधनाच्या दिवशी सुरू होते: जिचे रक्षण करायचे तीच रक्षणाला निघते. लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा संस्थेचा आधीचा प्रयत्न अपुरा पडला होता. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या विभागात 'राजी'ला नामांकन मिळाले. तिच्या हालचाली कसरतपटूच्या असल्याने युद्धाची पद्धतही बदलली. ती खांबांवर चढते, भिंतीवरून उसळते आणि त्रिशूळाने लढते.

जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या बंगळुरूच्या 'फौजी' या बहुचर्चित खेळातही निवड नव्हती. त्याच्या कथाभागात खेळाडूला गलवान खोऱ्यातील पुरुष सैनिक मिळे.